मैदानात ओरडावं का, कधी आणि किती? प्रेक्षकांच्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामन्याला पहिल्यांदा निघालेले, वर्षानुवर्षं जाणारे आणि ‘आम्ही घरीच बरे’ म्हणणारे असे तिन्ही प्रकारचे लोक हे प्रश्न विचारतात. उत्तरांत क्रिकेट जास्त आहे, कारण आपल्याकडे गर्दी तिथे जास्त जाते. पण ज्याला ही गोष्ट मुळातून समजून घ्यायची आहे त्यानं कुस्तीवरचं उत्तर आधी वाचलं तरी चालेल.

टीव्हीवर चेंडू जास्त स्पष्ट दिसतो, रिप्ले मिळतो, चहा मिळतो. मग स्टेडियमवर जायचं कशाला?

दिसण्यासाठी जायचं असेल तर खरंच जाऊ नका. वानखेडेच्या वरच्या मजल्यावरून चेंडू स्विंग झाला की नाही हे कुणालाही कळत नाही, आणि ज्याला कळतं असं तो म्हणतो त्याला शेजारच्याच्या मोबाइलवर कळलेलं असतं.

स्टेडियमवर जायचं ते ऐकायला. २ एप्रिल २०११ चा विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. वानखेडेवर नाणेफेक दोनदा करावी लागली. धोनीनं नाणं उडवलं, संगकारानं कौल दिला, पण लोकांचा गलका इतका होता की शेजारी उभ्या असलेल्या सामनाधिकारी जेफ क्रो यांना तो कौल ऐकूच आला नाही. पहिला चेंडू पडायच्या आधीच प्रेक्षकांनी सामन्यात हात घातला होता. दुसऱ्या वेळी संगकारानं नाणेफेक जिंकली आणि श्रीलंकेनं फलंदाजी घेतली.

त्याच रात्री भारताची फलंदाजी सुरू झाल्यावर दुसऱ्याच चेंडूवर सेहवाग गेला, मग १८ धावांवर सचिन गेला, आणि तेच मैदान असं गप्प झालं की टीव्हीवरही ते जाणवलं. पण टीव्हीवर ती शांतता कॉमेंटेटर भरून काढतात. मैदानात ती भरून काढायला कुणी नसतं. तुम्ही आणि शेजारचा अनोळखी माणूस एकमेकांकडे बघता, बस. मग गंभीरच्या ९७ आणि धोनीच्या नाबाद ९१ धावांबरोबर आवाज हळूहळू परत चढत गेला आणि शेवटी स्टँडच्या स्टँड ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. ही चढउतार अंगावर घेण्यासाठी तिकीट काढायचं.

आमच्या ओरडण्यानं निकाल खरंच बदलतो का, की ती आपली समजूत?

थोडा बदलतो, पण आपल्याला वाटतं त्या वाटेनं नाही. आपल्याला वाटतं की आरोळी ऐकून खेळाडूच्या अंगात बळ येतं. संशोधकांना पुरावा जास्त ठळक सापडला तो पंचांच्या बाबतीत.

इंग्लंडमधला २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. ४० फुटबॉल पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या सामन्यातल्या टॅकल दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. चित्र तेच, टॅकल त्याच. फरक फक्त आवाजाचा.

मग कोविड आला आणि जगभर एकाच वेळी हाच प्रयोग आपोआप झाला. जर्मनीची बुंडेसलीगा १६ मे २०२० ला रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, त्यामागून इतर लीग. यजमान संघांचे विजय घटले. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे एरवी पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डं मिळत, तो फरक जवळजवळ मिटला. प्रेक्षक नव्हते तेव्हा पंच पाहुण्यांशी जास्त न्यायानं वागले.

म्हणजे पंच पक्षपाती असतात?

नाही. ते माणसं असतात. पाव सेकंदात ठरवायचं असतं की धक्का जोरात होता की साधा, आणि हजारो लोक एकदम ‘ओऽऽ’ करतात तेव्हा तो आवाजही त्यांना एक पुरावाच वाटतो.

क्रिकेटमध्येही असंच?

कमी. क्रिकेटमध्ये घरच्या मैदानाचा फायदा मुख्यतः खेळपट्टीचा असतो. चेन्नईत चेंडू वळतो, पर्थला उसळतो, आणि त्यावर लहानपणापासून खेळलेल्याला सोपं जातं. शिवाय कसोटीत बऱ्याच वर्षांपासून तटस्थ पंच असतात आणि आता पंचांचा निर्णय रिप्लेवर तपासणारी डीआरएस आहे. पूर्वी चेंडू बॅटला पुसटसा लागला की नाही हे पंचाच्या कानावर अवलंबून असायचं, आणि भरलेल्या ईडन गार्डन्सवर ते कान काय ऐकणार? आज स्टंपमधला माइक ते काम करतो.

पण क्रिकेटमध्ये आवाजाचा परिणाम दुसऱ्या ठिकाणी होतो. फलंदाजांना एकमेकांची ‘हो-नाही’ ऐकू येत नाही. कर्णधाराला सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला हाक मारून हलवता येत नाही, हात हलवून नजर वेधावी लागते. वानखेडेवर शेवटच्या पाच षटकांत बघा, सगळी टीम मूकनाट्य करत असते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर प्रेक्षक हे हत्यार शहाणपणानं वापरतात. आपला संघ चाल रचत असताना अख्खं स्टेडियम गप्प बसतं आणि समोरच्याची पाळी आली की कानठळ्या बसवतं, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चाल सुरू करणाऱ्या खेळाडूचा, इशारा सहकाऱ्यांपर्यंत पोचू नये. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये २९ सप्टेंबर २०१४ ला १४२.२ डेसिबलची नोंद झाली, ती याच खटाटोपातून. आपल्याकडे मात्र स्वतःचा फलंदाज एकाग्र होत असतानाही आपणच भोंगे वाजवतो.

सगळं मैदान आपल्याच बाजूचं असलं तर खेळाडूला फायदाच, नाही का?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. मानसशास्त्रातले काही प्रयोग सांगतात की आपल्या भल्याची इच्छा असलेल्या लोकांसमोर अवघड काम करताना माणूस जास्त सावध होतो आणि कामगिरी खालावू शकते. गंमत अशी की त्याला स्वतःला मात्र तेव्हा बरं वाटत असतं. हरलो तर हे सगळे निराश होतील, या विचारानं हात आखडतो.

१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना. अधिकृत आकडा ९२,४५३ प्रेक्षकांचा, आणि त्यातले जवळजवळ सगळे निळ्या कपड्यांत. आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार पॅट कमिन्स म्हणाला होता की मोठी गर्दी गप्प होताना ऐकण्यासारखं समाधान खेळात दुसरं नाही. आपण हसलो. दुसऱ्या दिवशी रोहित ४७ वर गेला, मग श्रेयस, आणि मग मधल्या षटकांत ९७ चेंडू असे गेले की एकही चौकार नाही. आता प्रेक्षकांच्या बाजूनं विचार करा. एकेरी धावेला किती वेळ ओरडणार? आवाज उतरला. आवाज उतरल्याचं खेळाडूंना कळलं. कोहली ५४ वर असताना कमिन्सचाच चेंडू बॅटला लागून यष्ट्यांवर गेला आणि नव्वद हजार माणसांनी काही क्षण नुसतं बघितलं.

त्या दिवशी आपण हरलो ते ऑस्ट्रेलिया चांगलं खेळली म्हणून. ट्रॅव्हिस हेडनं १३७ धावा ठोकल्या. पण ती गर्दी बळ देत होती की ओझं टाकत होती, याचं उत्तर मला तरी ‘बळ’ असं देता येत नाही. चांगले प्रेक्षक वाईट षटकांतही आवाज लावून धरतात. अहमदाबादला ते जमलं नाही. तिथे बरेच लोक सामना बघायला कमी आणि विजय बघायला जास्त आले होते.

खेळाडूंना वेगवेगळे आवाज कळतात का, की सगळं एकच गोंगाट?

एका माणसाची शिवी सीमारेषेवर उभ्या असलेल्याला स्वच्छ ऐकू येते. खेळपट्टीवरच्याला नुसता घोंगावणारा आवाज. पण एकसुरात आलेली घोषणा सगळ्यांना पोचते. ‘सऽचिन, सचिन’ आणि मग तीन टाळ्या, ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर सचिनची दोनशेवी आणि अखेरची कसोटी होती. मुरली विजय बाद झाला, म्हणजे भारताची विकेट पडली, आणि मैदान आनंदानं फुटलं, कारण पुढचा फलंदाज सचिन होता. बिचारा विजय ४३ धावा करून परत येत होता. सचिननं ७४ केल्या आणि निरोपाच्या भाषणात सांगितलं की ती ‘सचिन, सचिन’ची हाक अखेरच्या श्वासापर्यंत कानात घुमत राहील.

उलट दिशेनंही हे चालतं. जुन्या काळचे क्रिकेटपटू सलीम दुराणी यांच्याबद्दल जुने लोक सांगतात की ज्या बाजूनं सिक्सरची मागणी यायची त्या बाजूला ते षटकार मारायचे. १९७३ साली इंग्लंडविरुद्ध कानपूरच्या कसोटीतून त्यांना वगळलं तेव्हा ‘दुराणी नाही तर कसोटी नाही’ असे फलक लागले, आणि पुढच्या मुंबईच्या कसोटीत ते संघात होते. प्रेक्षक संघनिवडीतही आवाज लावू शकतात, ही त्या काळची गोष्ट. आज तेच काम सोशल मीडियावर चालतं, आणि ते इतकं गोड नसतं.

कुस्तीच्या मैदानात हलगी का वाजवतात? नुसती वातावरणनिर्मिती?

नुसती नाही, आणि हा प्रश्न आला याचा आनंद आहे.

कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ मध्ये ते पूर्ण झालं. मधे हौदा, म्हणजे लाल मातीचा आखाडा, भोवती गोलाकार चढत जाणारा उतार. कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही आणि आवाज सगळा मधे गोळा होतो. त्या हौद्याच्या कडेला हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारे उभे असतात. त्यांचं लक्ष प्रेक्षकांकडे नसतं, पैलवानांकडे असतं. जोड सलामी देते तेव्हा ताल संथ. नुसती खडाखडी चालली असेल, दोघं मान पकडून एकमेकांना जोखत असतील, तर हलगीही रेंगाळते. एकानं पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांना, हात घातला की ताल उडी मारतो. घिस्सा डाव लागला, खालचा पैलवान निसटायला धडपडतोय, की काडी अशी कडाडते की बसलेला माणूस उठतो. चितपट झाली की हलगी सुटते आणि फेटे हवेत जातात.

म्हणजे हलगीवाला खेळ वाचतो. शेवटच्या ओळीत बसलेल्या, कुस्तीतलं फार न कळणाऱ्या माणसालाही हलगी ऐकून समजतं की आता काहीतरी होणार आहे. पैलवानालाही समजतं. फार वेळ कुस्ती लांबली तर प्रेक्षक ‘कुस्ती करा’ म्हणून ओरडू लागतात, निवेदक माइकवरून दोघांच्या वस्तादांची नावं घेऊन इरेला पेटवतो, आणि हलगी त्यात भर घालते. मग गर्दीतून कुणीतरी उठून जिंकणाऱ्याला वर पाचशे रुपये जाहीर करतो. गावच्या जत्रेतल्या मैदानात हे सगळं अजून जवळून दिसतं. तिथे खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यामध्ये फक्त लाल माती असते.

मग आयपीएलमधला डीजे हे त्याचंच आधुनिक रूप म्हणायचं का?

मी म्हणणार नाही. हलगीवाला खेळाच्या मागे जातो. डीजे खेळाच्या फटीत घुसतो. षटक संपलं की गाणं, चौकार गेला की गाणं, विकेट पडली की गाणं, आणि गाणं संपल्यावर ‘आवाऽऽज’ असं ओरडून तो प्रेक्षकांना ओरडायला लावतो. फलंदाज बाद झाल्यावर जी एक कळवळ्याची कुजबुज सगळ्या स्टँडमधून फिरायची, ती आता ऐकूच येत नाही, कारण तिच्यावर लगेच ढोल पडतो.

लहान मुलांना मजा येते, मान्य. टी-ट्वेंटीचा तो धंदाच आहे, तेही मान्य. पण कधी कसोटीच्या चौथ्या दिवशी दुपारी जाऊन बसा. वेगवान गोलंदाज रनअपला लागतो, एका स्टँडमधून टाळ्या सुरू होतात, त्याच्या पावलांबरोबर त्या वाढत जातात आणि चेंडू सुटताना एकदम थांबतात. कुणी सांगितलेलं नसतं. ती टाळी आणि डीजेची टाळी यातला फरक एकदा ऐकला की विसरता येत नाही.

कबड्डीत एवढा गोंगाट चालतो, मग चढाईपटूचा दम पंचांना ऐकू कसा येतो?

नियम सांगतो की दम स्पष्ट ऐकू यायला हवा. लालबाग-परळ-प्रभादेवीच्या मंडळांच्या स्पर्धांत पंच पार जवळ उभे असत आणि दम सुटला की हात वर. २०१४ पासून प्रो कबड्डी बंदिस्त, दणदणत्या सभागृहांत आली. तिथे मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दम ऐकू येणं अशक्यच. पण ऐकण्यासारखं दुसरं काही आहे: तिसरी चढाई, ‘करो या मरो’ची, सुरू झाली की सभागृहाचा आवाज एकदम खाली येतो आणि पकड झाली की छप्पर उडतं. मातीवरही असंच व्हायचं, फक्त छप्पर नव्हतं.

कुठल्या खेळांत गप्प बसायचं?

टेनिसमध्ये सर्व्हिससाठी चेंडू उडवण्यापासून गुण संपेपर्यंत. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीला टेनिस बघायला गेलात तर मधे जागेवरून उठूही नका, बाजू बदलेपर्यंत थांबा. गोल्फमध्ये फटक्याआधी. धावण्याच्या शर्यतीत ‘सेट’ म्हटल्यापासून बंदुकीपर्यंत, कारण धावपटू त्या आवाजाचीच वाट बघत असतो. बुद्धिबळात पूर्ण वेळ, आणि हो, मोबाइलही बंद.

लांब उडी, तिहेरी उडी, भालाफेक यांत उलट. खेळाडू स्वतः डोक्यावर हात नेऊन टाळ्या मागतो आणि प्रेक्षक त्याच्या धावेच्या लयीत टाळ्या देतात. ही रीत अमेरिकेचा तिहेरी उडीपटू विली बँक्स यानं १९८१ मध्ये स्टॉकहोमला रूढ केली असं मानलं जातं. आपला नीरज चोप्राही मागतो. मागितल्यावर द्या, आणि लय त्याची असू द्या, तुमची नको.

हुर्यो उडवणं चूक आहे का?

पैसे देऊन आलेल्याला नाराजी दाखवायचा हक्क आहे. पण मुंबईचा या बाबतीतला इतिहास फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला तेव्हा काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच मैदानावर, त्याच सचिनची. सात वर्षांनी निरोपाच्या कसोटीला तिथेच लोक रडले.

२०२४ च्या आयपीएलमध्ये रोहितच्या जागी हार्दिक पंड्या मुंबईचा कर्णधार झाला. वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी त्याचं नाव घेतलं की हुर्यो सुरू. शेवटी समालोचक संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. दुसरीकडे ‘मुंबईचा राजा, रोहित शर्मा’ ही घोषणा चालूच. मग जूनमध्ये भारत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं, आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक वानखेडेत पोचली तेव्हा तेच लोक ‘हार्दिक, हार्दिक’ ओरडत होते. त्याच्या जागी मी असतो तर मला दोन्हीपैकी काहीच खरं वाटलं नसतं.

२०१९ च्या विश्वचषकात ओव्हलवर भारतीय प्रेक्षक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला डिवचत होते, तेव्हा कोहलीनं त्यांच्याकडे वळून, त्याच्यासाठी टाळ्या वाजवा, अशी खूण केली होती. कर्णधारानं स्वतःच्या प्रेक्षकांना असं सांगायला धाडस लागतं.

आणि शिवीगाळ?

ती हुर्योत मोजायची नाही. जात, धर्म, रंग, आई-बहीण यांवरून ओरडणाऱ्याला बाहेर काढायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत मोहम्मद सिराजनं प्रेक्षकांकडून होणाऱ्या शिवीगाळीची तक्रार पंचांकडे केली, खेळ काही मिनिटं थांबला आणि काही जणांना मैदानाबाहेर काढलं गेलं. शेजारी कुणी असं करत असेल तर सुरक्षारक्षकाला सांगा. स्वतः भांडायला जाऊ नका.

समोरच्या संघानं चांगला खेळ केला आणि मी टाळ्या वाजवल्या, तर लोक रागावतील का?

मुंबईत एखादा वळून बघेल. चेन्नईत कदाचित तोही तुमच्याबरोबर वाजवेल. ३१ जानेवारी १९९९ ला चेपॉकवर पाकिस्ताननं भारताला १२ धावांनी हरवलं. सचिनच्या १३६ धावांनंतर विजय अगदी हाताशी आला होता आणि शेपूट कोसळलं. आधी मैदान सुन्न झालं. मग लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले, आणि पाकिस्तानच्या संघानं मैदानाला फेरी मारून त्या स्वीकारल्या. भारतातल्या प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा आवाज कुठला यावर वाद होईल. सगळ्यात चांगला कुठला, यावर मला वाद वाटत नाही.

मेक्सिकन वेव्ह कोण सुरू करतं?

प्रेक्षक ओळीनं उठून बसतात आणि स्टेडियमभर लाट फिरते, ती सुरू करायला दोन-तीन डझन उत्साही माणसं पुरतात. २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचा अभ्यास आला होता. लाट बहुधा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जाते आणि सेकंदाला साधारण वीस खुर्च्या पार करते. सामना रंगात असताना ती चालत नाही, त्यामुळे लाट दिसली की समजावं, खेळ थोडा कंटाळवाणा झालाय. व्हीआयपी स्टँडपाशी ती मरते, हे मात्र ‘नेचर’मध्ये नव्हतं.

कोविडच्या काळात टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गलका लावत होते. त्यानं काही फरक पडला का?

बघणाऱ्याला थोडा. २०२० ची आयपीएल अमिरातीत रिकाम्या मैदानांवर झाली आणि प्रक्षेपणात साठवलेला आवाज मिसळला जायचा. षटकार गेला की बटण. पहिले दोन दिवस बरं वाटलं. मग लक्षात आलं की हा आवाज कधीच चुकत नाही. खरे प्रेक्षक सीमारेषेवर झेल जाईल अशा फटक्यालाही आधी षटकार समजून ओरडतात आणि मग त्यांचा आवाज अर्ध्यात पडतो. ती चूक नसेल तर मजा नाही.

गोव्याचं उदाहरण अधिक बोलकं आहे. इंडियन सुपर लीगचे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम संपूर्ण गोव्यात झाले: फातोर्डा, बांबोळी आणि वास्को. फुटबॉलवेडा गोवा, दारात अख्खी लीग, आणि आत जायला बंदी. शेवटी २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला दारं उघडली, तर फातोर्डा केरळहून आलेल्या पिवळ्या शर्टांनी भरून गेलं. केरला ब्लास्टर्ससाठी ते घरचं मैदान झालं होतं. सामना १-१ असा पेनल्टीवर गेला, आणि हैदराबादचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी, मूळचा गोव्याचाच, यानं तीन पेनल्टी अडवल्या. सगळं मैदान विरुद्ध ओरडत होतं. जिंकला तो.

महिलांच्या सामन्यांना तसा आवाज होतो का?

ज्यांनी २०२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर नवी मुंबईत काढला त्यांना हा प्रश्न विचारू नका. ३० ऑक्टोबरला महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ केल्या. शेवटच्या तासात एकेरी धावेलाही लोक ओरडत होते, जे अहमदाबादला जमलं नव्हतं. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याआधी पावसानं तास-दोन तास खाल्ले, लोक हलले नाहीत, आणि भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं.

आणखी एक फरक कानावर येतो. त्या गर्दीत मुली आणि बायका खूप असतात, म्हणून घोषणेचा सूरच वेगळा लागतो, आणि शिव्या कमी असतात.

प्रेक्षक सामना बंद पाडू शकतात का?

पाडलेत. वानखेडेवरची पहिलीच कसोटी, जानेवारी १९७५: वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं, एक चाहता अभिनंदनाला आत धावला, पोलिसांनी त्याला मारलं आणि मैदानात दंगल उसळली. १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर भारत ८ बाद १२० असताना बाटल्या आणि जाळपोळ सुरू झाली. सामनाधिकारी असलेल्या त्याच लॉइडनी सामना श्रीलंकेला बहाल केला. १९९९ मध्ये पुन्हा ईडनवरच, सचिन धावबाद झाल्यावर गोंधळ झाला आणि अखेर स्टँड रिकामे करून पाकिस्तानच्या विजयाची शेवटची षटकं ओसाड मैदानात खेळली गेली.

लहान मुलांना नेलं तर कानांना त्रास होईल का?

होऊ शकतो. ८५ डेसिबल आवाजात मोठ्या माणसानं दिवसभरात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, असा कामाच्या ठिकाणांसाठीचा हिशेब आहे. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटं उरते, आणि भरलेल्या स्टेडियममध्ये विकेट पडल्यावर १०० सहज ओलांडले जातात. मुलांसाठी कानावर बसणारे मफ घ्या आणि स्पीकरच्या खांबाखालची जागा टाळा. भोंगा विकत मागितला तर देऊ नका. तो शेजारच्या मुलाच्या कानापाशीच वाजतो.

तिकीट कुठल्या स्टँडचं काढू?

वानखेडेवर आवाज हवा असेल तर नॉर्थ स्टँड. तिथे बसून शांतपणे सामना बघता येईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि उभे राहायची तयारी ठेवा. खेळ नीट बघायचा असेल तर गोलंदाजाच्या रेषेतली, थोडी वरची जागा. दिवसाच्या सामन्याला पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर चारनंतर सूर्य डोळ्यांत येतो, तेव्हा टोपी न्या. आणि खासबागेत कुस्तीला गेलात तर हलगीवाल्यांच्या बाजूला बसा, समोर नको.